दारव्ह्याचा चंद्र

वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा नावाचे तालुक्याचे गाव आहे. प्रवासाची हौस असलेल्या मनुष्याने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे तेथे फारसे काही नाही. चोहोंकडे काळीभोर जमीन, तीवर पऱ्हाटी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन. गावात बाजारपेठ, कचेरी, शाळा. आणि गावाच्या कडेला मोतीबाग नावाचे एक लहानसे रेल्वेस्थानक, की जेथे आता गाडी येत नाही. यवतमाळहून एस. टी.ने तासा-दीडतासात तेथे पोहोचता येते. तरीही ह्या गावावर चार पाने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आपले आयुष्यभराचे वेड नेमके कोणत्या जागी लागले हे फार थोड्या लोकांस बोट ठेवून दाखविता येते. आम्हांस ते दारव्ह्यात दाखविता येते. ते वेड म्हणजे विज्ञानकल्पनेवर रचलेल्या जुन्या चित्रपटांचे. संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मास्तराने अग्निबाणांच्या आणि कालयंत्रांच्या चित्रांत जीव गुंतवावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरातही ते तसेच वाटत आले आहे.

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही दारव्ह्यास गेलो, त्याचे निमित्त आमच्या चुलत बंधूंचे बोलावणे हे होते. आमच्या घरात त्यांस सारेच 'दादा' म्हणतात. वयाने ते आमच्याहून दहा वर्षांनी वडील. वडिलोपार्जित वाड्याचा जो भाग अजून उभा आहे त्यात ते राहतात, आणि काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "बुधवारी सायंकाळी तुझे काही अडत नसेल तर ये. मागच्या वेळी एकट्याने ऐकले. या वेळी सोबत असावी."

मागची वेळ म्हणजे ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र. त्या रात्री आपले चांद्रयान-२ चंद्रापाशी पोहोचले, पण त्याचा अवतरक उतरता उतरता कोसळला. आता चांद्रयान-३ उतरावयाचे होते. अधिक श्रावण सरून निज श्रावण लागला होता, तरी पावसाने ओढ दिली होती. एस. टी.च्या खिडकीतून दिसणारी शेते माना टाकून उभी होती. शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "चंद्रावर जाऊन राहिले म्हणते, गुरुजी. तिथं पाणी आहे का म्हणा, असलं तं थोडं इकडं पाठवा." ह्या बोलण्यावर सारी गाडी हसली. आम्हीही हसलो, पण त्या हसण्यात कोणाचेच मन नव्हते.

गावात शिरण्याआधी डाव्या हातास एक मैदान लागत असे. आता तेथे दुकानांची रांग आहे. आमच्या बाळपणी कापूस विकला जाऊन लोकांच्या हाती चार पैसे खेळू लागले की, त्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू पडे. दुपारी एक बंडी दोन्ही अंगांस रंगीत फळ्या बांधून गावभर फिरे. तिच्यापुढे ताशा वाजे आणि मागे आम्हां पोरांची फौज. दिवेलागणीस कर्ण्यावर गाणी सुरू झाली म्हणजे अभ्यासात कोणाचेही चित्त राहात नसे. तंबूत जमिनीवरच बसावयाचे. मध्ये कापडाचा पडदा लावून एका बाजूस बायका आणि दुसऱ्या बाजूस पुरुष. बाहेर वीजयंत्राची घरघर आणि आत विडीचा धूर. फीत मधूनच तुटे, तेव्हा शिट्ट्यांचा कल्लोळ होई, आणि ती चिकटवून होईपर्यंत लोक घरून आणलेल्या शेंगा सोलीत बसत.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे. एका वेळी वीस-बावीस पाने उठत. घरात आमच्या आजोबांचा, म्हणजे आबाजींचा, शब्द चाले. चातुर्मासात ते ओसरीवर भागवत सांगत. सिनेमाविषयी त्यांचा नियम सोपा होता : चित्र देवादिकांचे असेल किंवा साधुसंतांचे असेल तर मुलांनी पाहावे, एरवी तंबूच्या दिशेने तोंडही करू नये.

सन १९६८ च्या जानेवारीत तंबूत जे चित्र आले त्याचे नाव 'चाँद पर चढाई'. आदल्याच वर्षी ते निघाले होते. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम आणि नायक पहिलवान दारासिंग. चंद्रावर स्वारी करणारे हे हिंदी चित्र मनुष्य खरोखर चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधीचे आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. आम्ही त्या वेळी दहा वर्षांचे होतो. बंडीवरच्या फळीवर अग्निबाण पाहिला आणि आमचे जेवणावरचे लक्ष उडाले. दादा ते ओळखून आबाजींकडे गेले आणि नम्रपणे म्हणाले, "आबाजी, तंबूत चंद्रलोकाचे चित्र आले आहे. याला दाखवून आणू का?"

आबाजींच्या डोळ्यांपुढे सत्तावीस नक्षत्रकन्यांसह सोमराजा उभा राहिला असावा. ते म्हणाले, "अवश्य न्या. मुलांना आपल्या कथा ठाऊक पाहिजेत." धर्मराजाने रणांगणावर ज्या जातीचे सत्य सांगितले त्याच जातीचे हे सत्य होते, परंतु दहा वर्षांच्या मुलास त्याची टोचणी कोठली लागणार!

त्या रात्री आम्ही काय पाहिले ते आज शांतपणे सांगू लागलो तर वाचक हसतील. अग्निबाणात बसून दारासिंग चंद्रावर जातात. तेथे माणसांसारखीच माणसे, राजकन्या आणि अक्राळविक्राळ प्राणी भेटतात. मग मारामाऱ्या होतात. पण आम्ही हसलो नाही. आमचे तोंड जे उघडे राहिले ते खेळ संपेपर्यंत मिटले नाही. वर दिसतो तो चंद्र ही एक जागा आहे आणि तेथे जाता येते, ही गोष्ट त्या क्षणी आमच्या पोटात शिरली. तोपर्यंत चंद्र हा आम्हांस देव होता, मामा होता, आजीच्या उपासाची घटका होता, जागा नव्हता.

घरी परतताना थंडी कडक होती आणि चंद्र माथ्यावर होता. आम्ही अखंड बडबडत होतो. दादा काही वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "चंद्रावर हवा नाही, हे तुला ठाऊक आहे का?" आम्ही नाही म्हणालो. "हवा नाही तर ते ओरडले कसे आणि ऐकू आले कसे? बरे, चंद्रावर आपले वजन सहावा हिस्सा भरते. मग दारासिंगाने फेकलेला तो मनुष्य इतक्या जवळ कसा पडला? आणि सांग, इतका वेळ ते चंद्रावर हिंडले, त्यांच्या आकाशात तुला पृथ्वी दिसली का?"

आम्हांस राग आला. इतके सुंदर चित्र, आणि दादा त्याचे धागे उसवीत बसले! डोळ्यांत पाणी आणून आम्ही म्हणालो, "मग ते सारे खोटे का?"

दादा रस्त्यातच थांबले. म्हणाले, "खोटे नाही, अपुरे आहे. पुरे आपण करायचे. चंद्रावरून पृथ्वी केवढी दिसेल? इथून चंद्र दिसतो त्याच्या जवळजवळ चौपट रुंद. आणि ती उगवणार नाही की मावळणार नाही. आकाशात एकाच जागी टांगल्यासारखी राहील, फक्त चंद्रासारख्या तिच्या कला होतील. आता डोळे मीट आणि ते चित्र तू काढ."

आम्ही डोळे मिटले. पडद्यावर जे दिसले त्याहून कितीतरी मोठे चित्र मिटल्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ज्या वेडाविषयी आम्ही लिहीत आहो ते तंबूत लागले असे आम्ही नेहमी सांगतो. पण खरे म्हणजे तंबू आणि वाडा ह्यांमधल्या त्या रस्त्यावर ते लागले.

दादांस हे कोठून ठाऊक, असे वाचक विचारतील. ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात विज्ञानशाखेत एक वर्ष शिकले होते. सन १९६६ मध्ये काका अकस्मात वारले. शेतीवर कोणी कर्ता मनुष्य उरला नाही. आबाजींनी पत्र लिहिले आणि दादा आपली वळकटी घेऊन परत आले. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांची भौतिकशास्त्राची वही मात्र माजघरातल्या फडताळात कित्येक वर्षे होती, आणि तिला कोणी हात लावलेला त्यांस खपत नसे.

पुढल्या वर्षी ते चित्र खरे झाले. २१ जुलै १९६९, सोमवारचा दिवस. आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास अपोलो-११ चे यान चंद्रावर टेकले होते, आणि सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी आर्मस्ट्राँगने पाऊल ठेविले. ओसरीवर आकाशवाणीच्या बातम्या लागल्या तेव्हा आम्ही दप्तर घेऊन उभे होतो. आम्ही अंगणात धावलो आणि वर पाहू लागलो. दादा हसून म्हणाले, "अरे, आत्ता तो क्षितिजाखाली आहे, दुपारी उगवेल." आबाजींनी पंचांग काढून पाहिले आणि ते एवढेच पुटपुटले, "सप्तमी." मग ते बराच वेळ बोलले नाहीत.

खरी अडचण आजीची झाली. ती आयुष्यभर संकष्टी करीत आली होती. त्या गोष्टीनंतर दहा-बारा दिवसांनी चतुर्थी आली. दिवसभर उपास, चंद्रोदयाची वाट आणि आकाशात पावसाळी ढग. शेजारच्या एका बाईंनी सायंकाळी येऊन सांगितले की, ज्या चंद्रावर माणसे जोड्यांनिशी चालली त्यास अर्घ्य देऊन आता उपयोग काय? आजी काही बोलली नाही. आत येऊन तिने आबाजींकडे पाहिले; आबाजींनी दादांकडे पाहिले. सारे घर गप्प होते. दादांच्या मनातले उत्तर काहीही असो, ते त्यांनी दिले नाही. म्हणाले, "आजी, हे मी सांगू शकत नाही. तो दगडधोंड्यांचा आहे एवढे मला ठाऊक आहे. व्रत तुझे आहे."

पंचांगातली चंद्रोदयाची वेळ झाली. ढग काही हटले नाहीत. आजी तांब्या-पळी घेऊन अंगणात गेली आणि ढगांकडे तोंड करून तिने अर्घ्य दिले. आत येऊन पानावर बसताना म्हणाली, "गंगेत रोज हजार माणसे पाय घालतात. म्हणून आपण तिला हात जोडायचे सोडले का?" आणि मग दादांकडे वळून, "दगडधोंड्यांचा आहे म्हणतोस, तर कसले दगड आणले रे त्यांनी? इथल्यासारखेच का?"

त्या रात्री जेवणे होईपर्यंत दादा आजीला दगडांविषयी सांगत होते. श्रद्धा आणि शोध ह्यांच्या वादाविषयी पुढे आम्ही पुष्कळ वाचले. पण त्या पंक्तीत जे पाहिले त्याहून अधिक आम्हांस कोठे सापडले नाही.

आमच्या वेडाचा दुसरा टप्पा नागपुरास गाठला. सन १९७१ मध्ये मामांकडे मुंज होती, आणि दारव्ह्याहून आम्ही आमच्या लाडक्या 'शकुंतले'ने निघालो. ह्या गाडीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरांचा अरुंद मार्ग. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. किलिक-निक्सन ह्या गोऱ्या पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी तो वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांस पोहोचविण्यासाठी उभारला. पुढे मँचेस्टरलाच १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन ह्या मार्गावर धावू लागले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन आले तोपर्यंत ते चालत राहिले. 'धावू लागले' हा शब्द आम्ही प्रेमाने वापरला आहे. वाटेत उतरून बोरे वेचावी आणि पुन्हा डब्यात चढावे, अशी तिची चाल होती.

मूर्तिजापुरास मोठी गाडी धरून नागपूर गाठले. मुंज आटोपल्यावर रविवारी सकाळी मामेभावांसह एका चित्रगृहात इंग्रजी चित्र पाहिले. ते 'द टाइम मशीन'. एच. जी. वेल्स ह्यांची कादंबरी १८९५ ची. तीवर जॉर्ज पाल ह्यांनी १९६० मध्ये चित्र काढिले आणि त्यातील करामतींसाठी त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. आमचे इंग्रजी तेव्हा बेताचेच होते. पण त्या चित्रास भाषा फारशी लागत नव्हती. एक गृहस्थ पितळी दांड्यांच्या नक्षीदार खुर्चीवर बसतो, दांडा पुढे ढकलतो, आणि खोलीतली मेणबत्ती भराभर वितळते, फुले उमलून मिटतात, सूर्य आकाशात चेंडूसारखा धावतो, समोरच्या दुकानातल्या पुतळ्याची वस्त्रे ऋतूंमागून ऋतू बदलत जातात. काळ हा डोळ्यांना दिसू शकतो, हे आम्ही तेथे प्रथम पाहिले. परतीच्या प्रवासात 'शकुंतले'च्या मंद चालीवर आमचे मामेभाऊ म्हणाले की, तुमच्या गाडीत बसले तर यंत्रावाचूनही भूतकाळात जाता येते.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की, फुलांची ही करामत आपल्याकडे त्याहून पन्नास वर्षे आधी झाली होती. दादासाहेब फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरला, दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली, आणि वेलाची वाढ पडद्यावर पाहता पाहता घडवून दाखविली. ते पाहूनच भांडवल देणाऱ्यास धीर आला. बाबुभाई मिस्त्री ह्यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया' चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू नाचवून अदृश्य मनुष्य दाखविला, आणि 'काला धागा' हेच त्यांचे टोपणनाव पडले. मराठी वाचकांस तर चंद्राची वाट सिनेमाच्याही आधी दिसली होती : ज्यूल व्हेर्न ह्यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात आले होते.

घरी आल्यावर ओसरीवर आम्ही आबाजींस कालयंत्राची कथा सांगितली. आता ते थकले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ककुद्मी राजाची कथा तुला ठाऊक आहे का?" भागवताच्या नवव्या स्कंधात ती आहे. हा राजा आपली कन्या रेवती हिला घेऊन, तिला कोण वर योग्य हे विचारावयास ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते, म्हणून क्षणभर थांबतो. मग प्रश्न विचारतो, तेव्हा ब्रह्मदेव हसून सांगतात की, तू ज्यांची नावे मनात धरून आलास ते सारे केव्हाच काळाच्या उदरात गेले. पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली.

ती कथा ऐकून आमच्या अंगावर काटा उभा राहिला. ह्या घरातल्या ओसरीवर आणि त्या नागपूरच्या चित्रगृहात एकच विस्मय वावरत आहे, असे आम्हांस वाटले, आणि ते चूक नव्हते. चूक पुढे झाली, आणि ती आमच्या हातून झाली.

१९७४ मध्ये आम्ही मॅट्रिक झालो, पुढे पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले आणि शिक्षक झालो. एके दिवशी नववीच्या वर्गात आम्ही ककुद्मीची कथा रंगवून सांगितली आणि शेवटी बजावले की, आइन्स्टाइनने १९०५ मध्ये जे सांगितले ते आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होते. मागच्या बाकावरून एक सडपातळ मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, ठाऊक होते तर त्यांनी ते मोजले कसे?" आम्हांस त्याचे उत्तर येत नव्हते. ते येत नाही असे सांगणे सोपे होते. आम्ही त्यास खाली बसविले आणि वडीलधाऱ्यांच्या गोष्टींत फाटे फोडू नयेत असा उपदेश केला. तो मुलगा नंतर वर्षभरात वर्गात एकदाही काही विचारता झाला नाही.

दिवाळीत दारव्ह्यास गेलो असता आम्ही ही गोष्ट दादांस सांगितली. जवळजवळ फुशारकीनेच सांगितली म्हणा ना. दादा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "तंबूतून घरी येताना मी तुला असेच गप्प बसविले असते तर?" एवढे बोलून ते गोठ्याकडे निघून गेले. ज्यांचे शिक्षण सुटले त्यांनी प्रश्न जपला होता, आणि ज्यास शिक्षण मिळाले त्याने तो दुसऱ्याच्या तोंडून काढून घेतला होता.

त्यानंतर आम्ही हे जुने चित्रपट निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. पुढे मुलाने तबकड्या आणून दिल्या, आता नातू भ्रमणध्वनीवर लावून देतो. मेलिएस ह्या फ्रेंच जादूगाराने १९०२ मध्ये काढलेली चंद्रसफर अवघी चौदा-पंधरा मिनिटांची. तोफेचा गोळा चंद्राच्या डोळ्यात रुततो. मोटार ही जेव्हा नवलाई होती तेव्हा हा मनुष्य चंद्रावर जाऊन आला! जर्मनीत फ्रिट्झ लांग ह्याने १९२९ च्या चंद्रावरच्या चित्रात अग्निबाण सुटण्यापूर्वी आकडे उलटे मोजून शून्यापर्यंत आणले, ते केवळ प्रेक्षकांचा श्वास रोखण्यासाठी. आज खऱ्या यानांच्या उड्डाणाची तीच रीत आहे. आणि कुब्रिक ह्यांचे '२००१ : अ स्पेस ओडिसी' पाहताना तर आम्ही एके ठिकाणी चित्र थांबविले. यानाबाहेरच्या पोकळीत आवाज नाही. ऐकू येतो तो केवळ पोशाखातल्या मनुष्याचा श्वास. दादांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे हे चित्र १९६८ चे, म्हणजे आमच्या तंबूच्याच वर्षीचे आहे. आम्ही तत्काळ दादांस फोन केला. त्यांनी विचारले, "आणि पृथ्वी? दिसली का आकाशात?" आम्ही म्हणालो, "दिसली."

असो. आता पुन्हा ऑगस्टातल्या त्या सायंकाळकडे वळू. आम्ही वाड्यात पोहोचलो तेव्हा दादा दूरदर्शनसंचासमोर खुर्ची ओढून बसले होते. जवळ त्यांची नात होती. ती आठवीत शिकते. पावणेसहाच्या सुमारास यानाने उतरणीस आरंभ केला. पडद्यावर चंद्राचे दर्शन असे फारसे होतच नव्हते. बंगळुरूच्या कक्षात बसलेली माणसे, एक रेखाटलेले यान, आणि आकडे.

आम्ही जरा निराश होऊन म्हणालो, "दादा, चित्र काही दिसत नाही. नुसते आकडे आहेत."

"मग आकडे वाच," ते म्हणाले.

आम्ही वाचू लागलो. आरंभी वेग तासाला सुमारे सहा हजार किलोमीटर आणि उंची जवळजवळ तीस किलोमीटर. दोन्ही उतरत चालले. दादांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही आकडा वाचण्याआधी ते पुढला आकडा मनाशी धरीत असावे. पंचावन्न वर्षांपूर्वी त्यांनी आम्हांस डोळे मिटावयास सांगितले होते. आता ते मिटल्या डोळ्यांनी पाहत होते आणि आम्ही केवळ वाचीत होतो. २०१९ साली जेथे आकडे बिघडले ती उंची गेली, तेव्हा त्यांनी आमचा हात धरिला. सहा वाजून चार मिनिटांनी त्या कक्षातली माणसे उठून उभी राहिली. नात ओरडली. दादा काहीच बोलले नाहीत. आमचा हात मात्र त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

अंधार पडू लागल्यावर आम्ही त्यांस अंगणात आणले. ढग विरळ होते. दक्षिणेच्या बाजूस अर्ध्याहून किंचित लहान चंद्र दिसत होता. सहज आम्हांस आठवले आणि आम्ही म्हणालो, "दादा, आज श्रावण शुद्ध सप्तमी. आर्मस्ट्राँगच्या दिवशीही आबाजींनी सप्तमीच सांगितली होती. केवढा हा दैवी योग!"

"का बरे, आजोबा?" नातीने विचारले. "सप्तमीलाच का?"

एक पळभर तो मागच्या बाकावरचा मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही म्हणालो, "मला ठाऊक नाही, बाळ. आपण दादांना विचारू."

दादांनी देवघरातला नारळ आणि विजेरी मागविली. नारळ नातीच्या हाती दिला, विजेरी आम्हांस बाजूला धरावयास लाविली, आणि हाताने चाचपीत समजावून सांगितले. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र ह्यांत बारा अंशांचे अंतर. हे तर आम्ही जन्मभर शिकवीत आलो. पण तिथीगणिक चंद्रावर पहाटेची रेघही बारा अंश पुढे सरकते, हे आम्ही कधी मनात आणले नव्हते. म्हणजे चंद्रावरच्या प्रत्येक जागेची पहाट एकेका तिथीस बांधलेली आहे. यान उतरवावयाचे ते सकाळीच. अपोलोस लांब सावल्या हव्या होत्या, म्हणजे खड्डे आणि धोंडे ओळखू यावे, आणि आपल्या यानास सूर्यप्रकाशावर चालावयाचे असल्यामुळे तेथला चौदा दिवसांचा लांबलचक दिवस आरंभापासून हवा होता. एक जागा विषुववृत्ताजवळची, दुसरी दक्षिण ध्रुवाकडची. परंतु दोहोंच्या रेखांशांत नऊ-दहा अंशांहून अधिक अंतर नाही. म्हणून दोन्ही वेळा सप्तमी.

"पण नारळ काही वाटोळा नसतो," नात म्हणाली.

"नसतो," दादा म्हणाले. "हे अपुरे आहे. पुरे तू कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकटेच मोतीबागेकडे फिरावयास गेलो. रुळांमध्ये गवत वाढले आहे. फलाटावर एक शेळी बसली होती. ह्याच फलाटावर एके काळी एक तरुण अमरावतीहून वळकटी घेऊन उतरला होता. त्या दिवशी त्यास घ्यावयास गेलेल्या पोरांत आम्हीही होतो, आणि दादा आता कायमचे घरी राहणार म्हणून आम्हांस आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज आम्हांस आजही वाटते.

वाड्यात परतलो तो नात फडताळासमोर उभी होती. दादा खुर्चीवरून सांगत होते, "वरच्या खणात, उजव्या हाताला. पिवळ्या पुठ्ठ्याची आहे. शाई पुसट झाली असेल, पण वाचता येईल." तिने वही काढून झटकली. तिच्यातली पाने आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिली. पहिल्या पानावर तारीख होती, आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक उदाहरण अर्धेच सोडविलेले होते.

दुपारच्या एस. टी.ने आम्ही यवतमाळास निघालो, तेव्हा नात ओसरीवर पेन्सिल घेऊन बसली होती, आणि दादा तिला आकडे वाचून दाखविण्यास सांगत होते.